स्वखुशीचे शहाण्णव अर्ज

सूड घ्यावा तर हजेरीबाईंसारखा. रोज सकाळी पावणेसातला येऊन, दिवसभर राबून, कुणाला एक वावगा शब्द न बोलता, सलग तीन वर्षं. तुमचाआमचा राग दोन कप चहात विरघळतो. बाईंनी आपला राग सव्वीस वर्षं जपला होता आणि त्याला जराही गंज चढू दिला नव्हता. बाई म्हणजे आमच्या शहरातल्या सरकारी हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. मी तिथला हेडक्लार्क, सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. पस्तीस वर्षं एकाच टेबलाशी काढली, तेव्हा ही हकिगत सांगायचा हक्क माझा, आणि सांगायची शिक्षाही माझीच.

रुजू झाल्या त्या दिवशी नव्या मुख्याध्यापिकेने काय मागावं? कपाटाच्या किल्ल्या, शिक्षकांची यादी, फार तर एक बरा पंखा. बाईंनी खुर्चीवर बसायच्या आत सव्वीस वर्षांपूर्वीची आवक नोंदवही मागितली. शाळेत आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर देऊन त्यात टिपून ठेवतात, ती वही. मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन, धूळ खाऊन, ती घेऊन आलो. त्यांनी उभ्याउभ्याच पानं उलटली, फेब्रुवारी काढला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "या नंबरचा कागद."

मी फाईल आणली. त्यातून त्यांनी एक पिवळा पडलेला अर्ज काढला आणि माझ्यासमोर धरला.

"अक्षर ओळखता?"

"माझंच आहे, मॅडम."

"छान आहे. वळणदार. माझ्या आईच्या नावाने हा अर्ज तुम्ही लिहिला होतात. मी दाराशी उभी होते. तुमचं पेन अडकत होतं, तुम्ही ते सारखं झटकत होतात."

अर्जात एकच वाक्य होतं, आणि ते मला आजही पाठ आहे: माझ्या पाल्यास अभ्यास झेपत नसल्याने मी स्वखुशीने त्यास शाळेतून काढून घेत आहे. खाली एका बाईची वेडीवाकडी सही.

आता ही स्वखुशी काय भानगड होती ते सांगतो. तेव्हा आमच्या शाळेत मोठे सर मुख्याध्यापक होते. एकोणीस वर्षं होते. उंच, देखणे, आवाज असा की प्रार्थनेला माइक लागायचा नाही. दहावीचा निकाल हा त्यांचा जीव की प्राण. निकाल वाढवायची त्यांची एक रीत होती, तिला ते स्वतःच चाळणी म्हणायचे. दर फेब्रुवारीत नववीतल्या कच्च्या मुलांची यादी निघायची. पालकांना अकरा वाजता बोलावणं जायचं. केबिनबाहेरच्या बाकावर ते रांगेने बसायचे, कामाचा खाडा करून आलेले, हातात पिशव्या. ते आत जायच्या आधीच त्यांचे अर्ज माझ्या टेबलावर लिहून तयार असायचे. सर गोड आवाजात सांगायचे, "तुमच्या भल्यासाठी सांगतो. इथे नापास होऊन नाव खराब करण्यापेक्षा बाहेरून परीक्षा द्या. करा सही." सही, नाहीतर अंगठा. लगेच शाळा सोडल्याचा दाखला. दहावीला उरायचे ते हमखास पास होणारे.

अर्जाचं काम झालं की ते फाडून टाका, असं सरांनी मला बजावलं होतं. पण मी पडलो क्लार्क. कागद टेबलावर आला की आधी त्याला आवक नंबर टाकायचा, हा हाताला लागलेला रोग. आणि एकदा नंबर पडला की कागद फाडता येत नाही, वहीत भोक पडतं. सरांना फाडले म्हणून सांगितलं आणि सगळे अर्ज क्रमाने फायलींना लावले. मी काही शूर नव्हतो. मला नंबरांची भीती जास्त होती, इतकंच.

त्यातलं एक वर्ष सोन्याचं निघालं. सत्त्याण्णव पूर्णांक एक्केचाळीस टक्के! पोर्चमध्ये निकालाचा फळा आहे, त्यावर तो आकडा सोनेरी रंगात आहे. सरांचा सत्कार झाला, फोटो छापून आला, गावोगावच्या शिक्षकांपुढे 'निकाल कसा वाढवावा' यावर त्यांची भाषणं झाली. मी माझ्या टेबलाशी. सर कौतुकाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "मी डोकं, भाऊसाहेब हात." एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

हजेरीबाई त्याच सोन्याच्या वर्षीच्या. त्यांची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. "बाहेरून परीक्षा म्हणजे कुठून?" असं तिने सरांना विचारलं होतं, आणि सर खो खो हसले होते. हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. त्यांनी दोन वर्षं आईबरोबर चादरींच्या घड्या घातल्या, बाहेरून परीक्षा दिली, नापास झाल्या, परत दिली. मग कॉलेज, मग शिक्षिका, मग तीन शाळा पालथ्या घालून बढतीवर बदली मागून घेतली ती नेमकी आमच्या शाळेत. इतर लोक घराजवळची शाळा मागतात.

त्या आल्या तेव्हा शाळेचं पार मातेरं झालं होतं. मोठे सर निवृत्त होऊन तेरा वर्षं उलटली होती, निकाल अठ्ठावन्नवर आला होता. शिक्षणाधिकारीण बाईंनी बैठक बोलावली आणि सल्लागार म्हणून कुणाला आणावं? मोठ्या सरांनाच. वय झालेलं, हातात काठी, पण आवाज तोच. त्यांनी हजेरीबाईंना ओळखलं नाही. ओळखणार कसे? हसताना समोरच्याचा चेहरा कोण बघतं.

"तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो," सर म्हणाले. "मुलं वाढवून निकाल वाढत नसतो. चाळणी लावा. पहिल्याच वर्षी ऐंशी."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला तीन वर्षं द्या. आत्ता आठवीत आलेली मुलं दहावीला बसवते. एकही न काढता. आणि सरांच्या सत्त्याण्णव पूर्णांक एक्केचाळीसच्या वर नेते."

सर हसले. अधिकारीण बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आणि नाही जमलं तर?"

"तर चाळणी लावा. मी स्वतः यादी करून देईन."

बाहेर व्हरांड्यात त्यांना गाठून मी म्हणालो, "मॅडम, हे काय कबूल करून बसलात? इथल्या निम्म्या पोरांना स्वतःचा पत्ता लिहिता येत नाही."

"भाऊसाहेब, त्या माणसाला मला त्याच्याच फळ्यावर हरवायचंय. कुजबुज करून, तक्रारी करून नाही. त्याने फेकलेल्या पोरांसारख्या पोरांकडून."

"मग मीही तुमच्याबरोबर आहे," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. मलाही त्या डोक्याचा हिशेब चुकता करायचाच होता. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पुढे गेल्या. मला वाटलं, झाली युती.

पहिल्या दिवसापासून त्या हजेरीच्या मागे लागल्या, म्हणून तर पोरांनी ते नाव ठेवलं. दुसरा तास सुरू व्हायच्या आत गैरहजर मुलांची यादी माझ्या टेबलावर आणि फोन त्यांच्या हातात. "तुमची मुलगी आज वर्गात नाही. घरी आहे का?" एवढंच विचारायच्या. पहिल्या आठवड्यात रोज साठ-साठ फोन. कुणी शिव्या घातल्या, कुणाला वाटलं पोराला अपघात झाला, आणि एका बापाने तर आपलं पोर तीन महिने शाळेऐवजी रिक्षातळावर जातंय हे त्या फोनवरच ऐकलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या घरी संध्याकाळी बाई स्वतः. तीन महिन्यांत साठाचे नऊ झाले. त्यात जादू काही नव्हती. आपण आलो नाही तर कुणीतरी विचारतं, हे पोरांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं.

मग त्यांनी आठवीच्या एकशे त्रेचाळीस मुलांना एकेक करून समोर बसवलं. एक उतारा वाचायचा, एक भागाकार करायचा. एकोणचाळीस मुलांना भागाकार येईना. शिक्षकांच्या खोलीत त्या रात्री... रात्री कसली, दुपारीच, रणकंदन माजलं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "आठवीला आता भागाकार शिकवत बसायचं?"

"मग कधी, दहावीच्या पेपरात?"

दुसऱ्या आठवड्यापासून शाळेआधी एक तास सुरू झाला. त्यात इयत्ता नव्हती, तुकडी नव्हती. जो जिथे अडला तिथे बसणार. नववीचा मिसरूड फुटलेला मुलगा आणि आठवीतली चिमुरडी एकाच बाकावर भागाकार करायची. पोरं आधी लाजली, मग एकमेकांची उत्तरं तपासायला लागली, मग भांडायला लागली. भांडायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या की आता शिकताहेत.

खरी कुस्ती झाली ती गणिताच्या सरांशी. शहरात नाव असलेला माणूस, वीस वर्षं फक्त 'अ' तुकडीला शिकवलेलं. बाईंनी त्यांना 'ड' दिली. सर लालबुंद होऊन केबिनमध्ये शिरले. "माझा अपमान आहे हा!"

"अ तुकडी तुमच्याशिवायही पास होते, सर. ड तुमच्याशिवाय होत नाही. यात अपमान कुणाचा?"

ते तडक मोठ्या सरांकडे रडगाणं घेऊन गेले. तिथून फोन आला. बाईंनी ऐकून घेतला, 'बरं' म्हणाल्या आणि वेळापत्रकात कानामात्रा बदलली नाही.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर सगळ्या शिक्षकांनी आपापले सगळ्यात वाईट पाच पेपर घेऊन बसायचं, अशी एक रीत त्यांनी पाडली. मुलाचं नाव घ्यायचं नाही, 'लक्षच देत नाहीत' म्हणायचं नाही. फक्त चूक कुठल्या ओळीत झाली ते बोलायचं. पहिले चार गुरुवार म्हणजे तेराव्याचं जेवण होतं, सगळ्यांच्या माना खाली. पाचव्या गुरुवारी गणिताच्या सरांनी पाच पेपर समोर पसरले, आणि पाचही पेपरांत एकाच ओळीत एकच चूक. मग त्यांनी गठ्ठाच आणला. चाळीसातल्या एकतीस मुलांची तीच चूक. सर हळूच म्हणाले, "ही पायरी मी फळ्यावर लिहीतच नाही. मला वाटतं, ती दिसतेच." वीस वर्षं ते ती पायरी गिळत आले होते, आणि 'अ' तुकडीतली पोरं शिकवणीत जाऊन ती शिकून येत होती. त्या दिवसापासून सरांची मिजास उतरली. पुढे त्यांच्याइतकं ड तुकडीवर कुणी राबलं नाही.

लोक म्हणायचे, बाईंना पोरांची किती माया! मला हसू यायचं. रोज सकाळी पोर्चमधल्या फळ्यासमोर उभं राहून त्या तो सोनेरी आकडा वाचायच्या. मी बघायचो. जबड्याची शीर हलायची. मग आत येऊन फोन उचलायच्या. मायेवर माणूस महिनाभर धावतो, मग दमतो. बाई तीन वर्षांत एकदाही दमल्या नाहीत. आजारी पडल्या तेव्हाही घरून फोन करून गैरहजर मुलांची यादी माझ्याकडून वाचून घेतली. पहिल्या वर्षी निकाल एकाहत्तर, दुसऱ्या वर्षी शहाऐंशी. मोठे सर कुठल्याशा समारंभात म्हणाले, "शेवटचे दहाच टक्के अवघड असतात." ते कुणीतरी बाईंच्या कानावर घातलं. त्या दिवशी त्यांनी फळा दोनदा वाचला.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत सराव परीक्षा झाली. कबूल केलेली हीच ती मुलं. दोघं गाव सोडून गेली होती, दोघं नवी आली होती, म्हणजे परत एकशे त्रेचाळीस. मी आकडेमोडीला बसलो. तीन नापास झाली तर सत्त्याण्णव पूर्णांक नव्वद. जिंकलो. चार झाली तर सत्त्याण्णव पूर्णांक वीस. हरलो. एका पोराचा फरक! आणि यादीत अगदी बुडणारी होती चार. तिघांचं काही खरं नव्हतंच. चौथी होती ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. बाप परागंदा, आई कारखान्यात सकाळपाळीला, आणि लहान भावाला सांभाळून ही पोर यायची ती तिसऱ्या तासाला. वर्गात तिला 'तिसरा तास' असंच म्हणायचे. बाकी विषयांत तरली असती, पण गणित नेहमी पहिल्या दोन तासांत असायचं.

मी दोन दिवस विचार केला. आणि मग जे मला चांगलं येतं ते केलं. कोरा कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: माझ्या पाल्यास अभ्यास झेपत नसल्याने मी स्वखुशीने. आवक नंबर टाकला. बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"मॅडम, फक्त आईची सही. एकच मूल. पुढच्या वर्षी परत घेऊ की तिला, तुम्ही स्वतः शिकवा. पण यंदा म्हाताऱ्याची जिरते."

बाईंनी कागद वाचला. मग परत वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. खण उघडला, कागद आत ठेवला आणि खण लावला. नाही म्हणाल्या नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी त्यांना देवी करून टाकलं. कागद खणात तीन दिवस होता. त्या तीन दिवसांत त्यांनी मला चार वेळा विचारलं की चार नापास झाले तर नक्की किती टक्के, जसं काही आकडा बदलणार होता. तिसऱ्या दिवशी मुलीच्या आईला निरोपही गेला. ती आली, बाकावर बसली. मी दाखल्याचं पुस्तक काढून ठेवलं.

बाई केबिनबाहेर आल्या, त्या बाकाकडे बघत उभ्या राहिल्या. मग तिच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या धाकट्याला उद्यापासून सकाळी मुलीबरोबर इकडेच पाठवा. ऑफिसात बसेल. मुलगी पहिल्या तासाला वर्गात पाहिजे."

ती गेल्यावर त्यांनी माझा कागद आणून माझ्या पुढ्यात टाकला.

"नंबर टाकलाय तुम्ही. म्हणजे फाडता येणार नाही. फाईलला लावा."

"मॅडम, मी तुमच्यासाठीच..."

"माहीत आहे. त्यांच्यासाठी पण तुम्ही असंच करत होतात."

त्यानंतर परीक्षेपर्यंत त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तो धाकटा रोज माझ्या टेबलाखाली बसून टाचण्यांचा डबा पालथा करायचा आणि बाई मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, तिसऱ्या तासवालीला गणित शिकवायच्या. मला घुश्शातच वाटायचं, एवढं भावुक कशाला व्हायचं? दोन महिन्यांत भागाकारापासून दहावीपर्यंत कोण पोचतं?

नाहीच पोचली. चार गुणांनी गेली. एकशे त्रेचाळीस बसले, एकशे एकोणचाळीस पास झाले. सत्त्याण्णव पूर्णांक वीस.

निकालाच्या दिवशी ज्याला त्याला आनंद. ज्या शाळेचे निम्मे नापास व्हायचे तिथे चारच! सभागृहात पालक मावेनात, पोरं खिडक्यांवर चढलेली. बाई मंचावर ताठ बसल्या होत्या आणि मला एकट्याला दिसत होतं की त्यांचा चेहरा पांढरा पडलाय. अधिकारीण बाईंच्या मांडीवर फाईल होती. त्यात चाळणीचा प्रस्ताव टाईप करून ठेवलेला होता, मीच केला होता. मोठे सर पहिल्या रांगेतून भाषणाला उठले.

"अभिनंदन," ते म्हणाले. "बाईंनी मेहनत केली. थोडक्यात राहिलं. मला वाईट वाटतं. एक मूल, फक्त एक मूल वेळीच बाजूला केलं असतं, तर माझा विक्रम मोडला असता. शाळा चालवायची तर मन घट्ट करावं लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पोर मागच्या भिंतीशी उभी होती. 'एक मूल' म्हणजे कोण, ते साऱ्या शाळेला माहीत होतं.

सर बसले. बाई उठल्या. म्हणाल्या, "सरांचा विक्रम मोडला नाही, खरं आहे. पण विक्रम किती मुलांचा होता ते आपण बघितलेलं नाही. भाऊसाहेब, वर या. नोंदवही आणि फाईल इथेच आहेत."

दोन्ही मंचावरच्या टेबलाखाली तयार ठेवलेल्या होत्या. कधी ठेवल्या, मला पत्ता नाही. मी वर गेलो. माइक माझ्यासमोर सरकवत त्या म्हणाल्या, "त्या वर्षी नववीत किती?"

"दोनशे बारा."

"दहावीला बसले किती?"

"एकशे सोळा. पास एकशे तेरा."

"मधले शहाण्णव कुठे गेले?"

मी फाईल उघडली.

"वाचा," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचं नाव, आणि अर्जातलं वाक्य. पूर्ण."

मी पहिला अर्ज वाचला. स्वखुशीने. दुसरा. स्वखुशीने. पाचव्या अर्जाला मागे कुणीतरी उभं राहिलं. एक पालक, भाजीचा गाडा लावणारी. सातव्याला आणखी एक. या शहरातली मुलं जाणार कुठे? आमच्याच शाळेतून हाकललेली पोरं आता आमच्याच शाळेतल्या पोरांचे आईबाप होऊन तिथे बसली होती, आणि आपलं नाव आलं की एकेक उभं राहत होतं. अकराव्या नावाला मोठ्या सरांनी काठी घेतली आणि ते उठले. मधल्या वाटेत लोक दाटीने बसलेले. कुणी पाय आवरले नाहीत. सर थोडा वेळ उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि परत खाली बसले. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. माझा आवाज चढला. डोक्याला आज हाताने धडा शिकवला, असं वाटत होतं. अधिकारीण बाईंनी मांडीवरची फाईल बंद करून खुर्चीखाली सरकवली. चाळणी तिथेच मेली.

चाळिसाव्या अर्जाच्या आसपास माझा घसा सुकला. मी बाईंकडे बघितलं. दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या, असं डोळ्यांनी म्हटलं. गणिताचे सर उठलेसुद्धा होते. बाईंनी हातानेच त्यांना बसवलं.

"तुम्हीच वाचा, भाऊसाहेब. अक्षर तुमचं आहे."

त्या माइकजवळ होत्या, सगळ्यांना ऐकू गेलं. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उभे राहिलेले ते सगळे आता मोठ्या सरांकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी तीन वर्षं समजत होतो की मी बाईंच्या बाजूने सुडात सामील आहे. यादीत दोन नावं होती, आणि दुसरं माझं होतं. कदाचित पहिल्या दिवशी नसेल. माझ्या हातानेच मी ते लिहिलं असेल, त्या जानेवारीत, वळणदार अक्षरात.

मी वाचत राहिलो. एकसष्टाव्या अर्जावर बाईंच्या आईची सही होती. मी अडखळलो. बाई म्हणाल्या, "वाचा." वाचला. त्या उभ्याच होत्या.

शहाण्णवावा संपला तेव्हा घरच्यांसकट निम्मं सभागृह उभं होतं. त्यातून एक बस ड्रायव्हर चालत पुढे आला, गणवेशातच. त्याची मुलगी यंदा शाळेत पहिली आली होती. मंचाच्या पायरीशी थांबून तो मला म्हणाला, "माझा अर्ज दाखवा जरा."

मी काढून दिला. त्याने तो वाचला, उलटून पाठची कोरी बाजूही बघितली.

"माझ्या वडिलांना लिहिता येत होतं, भाऊसाहेब," तो म्हणाला. "अक्षरही चांगलं होतं त्यांचं. नुसता कोरा कागद दिला असतात, तर त्यांनी हे लिहिलं नसतं."

एकोणतीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि यानेही विचारलं नव्हतंच. त्याने कागद नीट घडीवर घडी करून माझ्या हातात परत दिला.

मी फाईल मिटली आणि खाली उतरायला लागलो. बाईंनी मला अडवलं. टेबलाखाली हात घालून त्यांनी दुसरी फाईल काढली, तिच्याखाली तिसरीही दिसत होती, एकावर एक रचलेल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता पुढचं वर्ष वाचा."